छापलेला पंखा आणि विहिरीचं पाणी

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय निघाला की हल्ली वर्गात एकच नाव येते, थ्री-डी प्रिंटिंग! त्याबद्दल थोडे स्पष्ट बोलतो.

मी जिंतूर तालुक्यातला. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा बिडाचा पंखा दोन-तीन वर्षांत गंजून खाल्ला जातो. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला मोटार बसते आणि आबा पार्टसाठी परभणीला खेटे घालतात. तेव्हा वाटतं, हा पंखा स्टेनलेस स्टीलमध्ये इथंच छापता आला तर!

छापता येईल, यात शंका नाही. मे २०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे छापलेले इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. १४ भागांचा एकच भाग झाला, वेल्डिंगचे १९ जोड वाचले. पण रॉकेटचे काम मिनिटांत संपते. आमच्या पंख्याला वर्षानुवर्षे क्षाराच्या पाण्यात फिरायचे आहे. मग गंजाचे काय?

इथेच खरी गंमत आहे. ३१६ एल स्टीलची पावडर लेझरखाली वितळते आणि क्षणात थिजते. नेहमीच्या स्टीलमध्ये मँगनीज सल्फाइडच्या कणांपाशी गंजाचे खड्डे सुरू होतात. इथे त्या कणांना वाढायला वेळच मिळत नाही. म्हणून नीट छापलेले स्टील नेहमीच्या स्टीलपेक्षा जास्त टिकू शकते. पण पावडर अर्धवट वितळली तर पोकळ्या राहतात. त्यात पाणी अडकते, क्लोराइड साचते आणि गंज आतून पोखरतो. पृष्ठभाग खरखरीत राहिला तरी धोका वाढतो. म्हणजे ग्रेड तोच, नशीब वेगळे. दिसतं तसं नसतं!

आणि आपण काय करतो? पीस छापून आणतो, ताकद मोजतो, चकचकीत फोटो रिपोर्टला लावतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो. माझे मत असे की, पाण्यात वापरायचा धातूचा भाग छापणाऱ्या प्रत्येक ग्रुपने एक पीस कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली पोकळ्या बघाव्यात. दुसरा पीस गावाकडच्या विहिरीच्या पाण्यात ठेवून सेमिस्टरभर तपासावा. बाटलीभर पाणी आणायला कुठे खर्च येतो? खड्डे पडले तर तेही रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहावे.

आबांना ताकदीचा आकडा नकोय, हरभऱ्याला पाणी हवंय. बघा पटतंय का!