भवानीच्या वाटेवर गाडी कोणाची?

आई तुळजाभवानीच्या दारी गरीब-श्रीमंत असा भेद नाही, असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दारापर्यंतच्या वाटेवर मात्र हा भेद पावलोपावली दिसतो. 9 जानेवारी 2019 रोजी सोलापुरात पंतप्रधानांच्या हस्ते सोलापूर–तुळजापूर–उस्मानाबाद चौपदरी महामार्गाचे लोकार्पण झाले. त्याच सभेत या तीन गावांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गाची ग्वाही देण्यात आली. रस्ता त्या दिवशी जमिनीवर होता, रेल्वे भाषणात होती. 2025 साल सरले तरी तुळजापुरात प्रवासी गाडीची शिटी वाजलेली नव्हती. रेल्वेच्या नकाशावर हे तीर्थक्षेत्र बेटासारखे एकाकीच राहिले. मोटारवाल्यास रस्ता आणि बिनमोटारीच्या माणसास आश्वासन, हा क्रम दैवाने ठरविलेला नाही; तो राज्यकर्त्यांनी ठरविला आहे.

जिल्ह्याला ही उपेक्षा नवी नाही. बार्शी लाइटची अरुंद गाडी येडशीवरून लातूरला गेली आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बाजूलाच राहिले. तेथे रेल्वे यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले.

मग सामान्य भाविकाचा आधार कोण? 1948 पासून धावणारी एसटी. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला, हे स्वागतार्हच होते. पण जानेवारी 2025 मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. सवलतीबाहेरच्या शेतमजुराने आणि हमालाने हा भार कोठून सोसावा?

कोणी म्हणेल, रस्ता सर्वांचाच. एसटीही त्यावरूनच धावते. खरे आहे. परंतु मोटारीचा धनी मनास येईल तेव्हा निघतो. बाकीच्यांसाठी मात्र जेवढ्या बसगाड्या, तेवढाच रस्ता. कोणी असेही म्हणेल की नवस पायीच फेडावयाचा असतो. कोजागिरीला सोलापूरहून लाखोंचा समुदाय पायी येतो, ती त्यांची श्रद्धा. पण श्रद्धेने चालत येणाऱ्याला परतीच्या गाडीसाठी रात्रभर ताटकळत ठेवणे ही राज्यकर्त्यांची अनास्था आहे.

तुळजापूरच्या विकासासाठी सुमारे 1865 कोटींचा आराखडा 2025 मध्ये मंजूर झाला. त्याचे मोजमाप वाहनतळाच्या विस्तारावरून करू नये. सोलापूर आणि धाराशिव या स्थानकांवरील गाड्यांच्या वेळा साधून वर्षभर एसटी सुटते काय? गावाच्या वेशीपासून महाद्वारापर्यंत म्हाताऱ्या-कोताऱ्यांना माफक दरात वाहन मिळते काय? नळदुर्ग आणि परांडा हे किल्ले पाहू इच्छिणारा पाहुणा भाड्याच्या मोटारीवाचून तेथे पोहोचतो काय? आणि रेल्वे कोणत्या तारखेस धावणार, हे कोणी जाहीरपणे सांगतो काय?

नीती आयोगाने 2018 मध्ये आकांक्षित म्हणून निवडलेल्या या जिल्ह्याची आकांक्षा माफक आहे. ज्याच्या करातून रस्ता बांधला, त्याला त्या रस्त्याने जाण्यासाठी गाडी द्या. तेवढे होईपर्यंत देवीच्या दारी सारे समान, हे वाक्य राज्यकर्त्यांनी उच्चारू नये.