कुत्रे आणा, पण पारखून आणा



बैल घ्यायचा म्हटला की आपण चार बाजार हिंडतो. तोंड उघडून दात मोजतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो, जमलं तर जुंपूनही बघतो. मारका आहे का, बसका आहे का, हे विकणाऱ्याच्या शेजाऱ्याला हळूच विचारतो. मगच रुमालाखाली हात जातो. कुत्रे आणताना मात्र यातले काहीच होत नाही. ‘कुत्र्यात काय बघायचं, भुंकलं म्हणजे झालं!’ असे म्हणून ते गाडीत टाकले जाते. हा समज आता सोडायला हवा. बैल फसवा निघाला तर पैसे बुडतात. कुत्रे फसवे निघाले तर घरातले लेकरू दगावू शकते.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ साली थेट सर्वोच्च न्यायालयात गाजला. ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातील कुत्र्यांबाबत आधी एक आदेश झाला, मग तो बदलला. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. निवारे भरू लागले की तिथली माणसे कुत्र्यांना घर शोधू लागतात, आणि मग शेतवस्तीची आठवण होते. ‘तुमच्याकडे जागा मोठी, राखणीला होईल, घेऊन जा,’ असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण शहरातल्या पिंजऱ्यातले प्रत्येक कुत्रे वस्तीला रुळेलच असे नाही, आणि प्रत्येक वस्ती कुत्र्याला मानवेलच असेही नाही. म्हणून देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून आधी शरीर पाहावे, मग स्वभाव पाहावा, आणि जे दिसले ते कागदावर उतरवावे.

शरीरापासून सुरुवात करू. खरे निदान पशुधन विकास अधिकाऱ्यांनीच करायचे, पण आपल्या डोळ्यांनाही बरेच दिसते. फासळ्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. डोळे स्वच्छ हवेत, नाकातून पू नको. ओठ उचलून हिरड्या बघा. त्या गुलाबी हव्यात. बोट दाबून सोडले की दोन सेकंदांत रंग परत यावा. हिरड्या पांढरट, अंगात ताप आणि कानात गोचिडांचे घोस असतील, तर गोचीड तापाची शंका घ्या. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे माणसापेक्षा जास्त. अंग गरम लागले म्हणजे ताप आलाच असे नव्हे. थर्मामीटर लावूनच ठरवा. कोपरावर, कानाच्या कडांवर केस गेलेले आणि सतत खाजवणे असेल तर ती खरूज समजा. ही खरूज माणसालाही त्रास देते. लैंगिक अवयवातून रक्त टिपकत असेल तर ती भटक्या कुत्र्यांत आढळणारी संसर्गजन्य गाठ असू शकते. डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते, पण उपचार पुरा झाल्यावरच कुत्रे आणावे. कानाला खाच असेल तर नसबंदी झाल्याची ती खूण असते. तरी कागद मागाच.

पिल्लू आणत असाल तर आणखी जपा. रक्ताची जुलाब म्हणजे पार्व्हो, आणि नाक-डोळ्यांतून घाण, खोकला व पुढे झटके म्हणजे डिस्टेंपर असू शकतो. दोन्ही रोग निवाऱ्याच्या गर्दीत झपाट्याने पसरतात, आणि लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस जातात. म्हणून निवाऱ्यात नव्याने आलेले जनावर निदान दोन आठवडे वेगळे ठेवलेले असावे. कालच आलेले पिल्लू आज घरी आणू नका.

सर्वांत मोठा प्रश्न रेबीजचा. माणसात लक्षणे दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. कुत्र्याच्या अंगात हा विषाणू काही आठवडे, कधी काही महिने लक्षणांवाचून राहू शकतो. तेव्हा ‘आज ठणठणीत दिसतंय’ एवढ्यावर भागत नाही. लस कधी दिली, तारीख काय, पुढचा डोस कधी, आणि अंगावर दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याची ताजी जखम आहे का, हे विचारा. अशी जखम असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते कुत्रे हलवू नका. आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पिसाळलेले प्रत्येक कुत्रे धावून येतेच असे नाही. काही कोपऱ्यात गप्प पडून राहतात, आवाज बदलतो, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळवत नाही. अशा वेळी घशात हाड अडकले समजून कोणी तोंडात हात घालतो. तसे कदापि करू नका. कुत्रे चावले किंवा दात लागून ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. हळद, मिरची, चुना लावू नका. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात हे खरे, पण माणसाची लस त्यासाठी थांबवायची नसते.

ज्यांच्या दारात दुभती जनावरे आहेत त्यांनी जंतांचे औषध पाजल्याची खात्री करावी. कुत्र्याच्या काही जंतांची अंडी माणसाच्या व शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जाऊन यकृतात पाण्याच्या गाठी करतात. म्हणून कापलेल्या जनावराची कच्ची आतडी, कलेजी कुत्र्यापुढे टाकू नये. गाय व्याल्यावर पडलेला जारही खोल पुरावा. कुत्र्यांमार्फत पसरणारा एक सूक्ष्म परजीवी गाईंना गाभडवतो, आणि जार खाल्ल्याने तो कुत्र्यात शिरू शकतो. कुत्र्याच्या मुतातून लेप्टोचा संसर्गही होतो. वैरण आणि पाण्याचा हौद त्यापासून दूर ठेवा.

आता स्वभाव. इथे लोक दोन्ही बाजूंनी फसतात. पिंजऱ्यातून अंगावर भुंकणारे कुत्रे ‘राखणीला एक नंबर’ ठरते, आणि कोपऱ्यात थिजून बसलेले ‘गरीब’ ठरते. खरे तर दोन्ही घाबरलेली असू शकतात. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका निवाऱ्यात कुत्र्यांचे रक्त तपासले होते. तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. निवाऱ्यातल्या पहिल्या तीन दिवसांत ताणाचे संप्रेरक बरेच वाढलेले आढळले. म्हणजे आल्या आल्या पाहिलेला स्वभाव हा त्या कुत्र्याचा खरा स्वभाव नव्हे.

तिकडच्या निवाऱ्यांत स्वभावाच्या ठरावीक चाचण्याही घेतल्या जातात. काठीला रबरी हात लावून तो खाणाऱ्या कुत्र्याच्या भांड्यात घालायचा आणि ते चावते का हे पाहायचे, अशी त्यातली एक. २०१६ साली गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली या अभ्यासकांनी या चाचण्यांचा हिशेब मांडला. अशी एखादी चाचणी म्हणजे नाणेफेकीहून फार बरी नाही, असे त्यांनी दाखवून दिले. चांगली कुत्रीही त्यात नापास होतात. यातून आपण काय घ्यायचे? डिवचून परीक्षा घेऊ नये. अनेक दिवस, अनेक प्रसंगांत पाहावे.

म्हणजे नेमके काय करावे? तीन-चार दिवस गेल्यावर, आणि शक्य तर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी जा. रोज खायला घालणाऱ्या माणसाला आधी विचारा. त्याला जितके माहीत असते तितके साहेबांना नसते. कुत्रे पिंजऱ्याबाहेर साखळीला घेऊन फिरवायला सांगा. तुम्ही आडवे उभे राहा, डोळ्याला डोळा भिडवू नका, ते आपणहून येते का पाहा. शेपूट पायांत, कान मागे, वारंवार ओठ चाटणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे, ही भीतीची लक्षणे. अंग एकदम ताठ करून जागच्या जागी थांबणे, ही चावण्याआधीची सूचना. गुरगुरणे हीही सूचनाच आहे. त्यासाठी मारू नका. मार खाल्लेले कुत्रे गुरगुरणे सोडते आणि पुढे न सांगता चावते. शेळी, वासरू, कोंबडी लांबून दाखवा. नजर खिळवून दबा धरत असेल तर ते गोठ्याच्या कामाचे नाही. मुलांसमोर आणायचे ते शेवटी, साखळीला आणि अंतर ठेवून. पूर्वी कोणाला चावले आहे का, आणि कशा प्रसंगी, हे स्पष्ट विचारा.

जशी कुत्र्याची, तशी आपल्या वस्तीचीही तपासणी करा. रात्री ते कुठे झोपणार? उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. अकोले परिसरातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा सर्वांत मोठा आढळला होता. अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे राखण करत नाही, ते बिबट्याला आमंत्रण देते. बंदिस्त जागा, सावली, पाणी आणि दोन वेळचे खाणे जमत नसेल तर नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. घेऊन गेल्यावर महिन्याभरात हमरस्त्यावर सोडून देणे मात्र कमीपणाचे आहे. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. कुत्रे कायम बांधून ठेवून त्याला मोकळे न फिरवणे हेही त्याच कायद्यात येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि पोलीस पाटील यांना एक विनंती. गावात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याबरोबर एक कागद यावा असा पायंडा पाडा. वय, लिंग, रंग, नसबंदी, लसीची व जंताच्या औषधाची तारीख, चावल्याचा इतिहास आणि वागणूक. वागणुकीपुढे ‘स्वभाव चांगला’ असे लिहून घेऊ नका, त्याला काही अर्थ नाही. ‘अनोळखी माणसाला पाहून मागे सरले, दहा मिनिटांनी हातातली भाकरी घेतली, शेळीकडे पाहून ओढ घेतली,’ असे जे घडले ते लिहा. त्याची एक प्रत पंचायतीत ठेवा. पटले नाही तर महिन्याभरात निवारा कुत्रे परत घेईल, हेही त्यावर असावे. उद्या कोणाला चावले तर डॉक्टर पहिला प्रश्न लसीचा विचारतात. त्या वेळी उत्तर पंचायतीच्या कपाटात असेल तर धावाधाव वाचेल.

कुत्रे इमानी असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण इमान जडायला वेळ लागतो, आणि आजारी किंवा भेदरलेल्या जनावराला तो वेळ आपण द्यावा लागतो. जिथे तो देता येईल तिथेच त्याला न्यावे. या आठवड्यात कोणी तुम्हाला कुत्रे देऊ केले, तर आधी लसीचा कागद मागा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहायला येतो म्हणून सांगा. देणारा खरा असेल तर त्याला राग येणार नाही.