त्यांचा उमेदवार आपण ठरवायचा?

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या मार्केट यार्डात निवडणुकीच्या मोसमात एक वाक्य हमखास कानावर येतं : "समोरून तोच उभा राहू दे, मग बघा." समोरच्याने पडेल गडी द्यावा, अशी इच्छा करायला पैसे पडत नाहीत. पण आता हुशार मंडळी पुढची पायरी सांगू लागली आहेत. नुसती इच्छा कशाला, त्यांच्यात शिरून त्यांचा कच्चा गडीच पुढे काढावा. नियमात बसतं, समोरचेही तेच करतात, मग आपण सोवळं का पाळायचं? हा त्यांचा पक्ष.

समोरचे करतात म्हणून आपणही करावं, या युक्तिवादावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. त्याने बैलाच्या शर्यतीपासून पतपेढीच्या घोटाळ्यापर्यंत काहीही योग्य ठरवता येतं. खरा मुद्दा आहे तो या डावाने फायदा होतो का हा.

या डावाचं माहेर अमेरिका. तिथे पक्षाचा उमेदवार 'प्रायमरी' नावाच्या मतदानातून ठरतो, आणि बऱ्याच राज्यांत पक्षाशी नातं नसलेल्यालाही त्यात मत देता येतं. 2008 मध्ये रश लिंबॉ या रेडिओवाल्याने आपल्या रिपब्लिकन श्रोत्यांना सांगितलं, डेमोक्रॅटांच्या प्रायमरीत जा, हिलरी क्लिंटनना मत द्या आणि त्यांचं आपसातलं भांडण लांबवा. मोहिमेला 'ऑपरेशन केऑस' असं झोकदार नावही दिलं. उमेदवारी शेवटी ओबामांनाच मिळाली आणि राष्ट्राध्यक्षही तेच झाले.

डाववाले लगेच मिसूरीचं उदाहरण काढतील, आणि ते खरं आहे. 2012 मध्ये तिथल्या डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मकॅस्किल यांची जागा धोक्यात होती. त्यांनी सतरा लाख डॉलरच्या आसपास खर्चून रिपब्लिकन प्रायमरीतल्या टॉड एकिन यांची जाहिरात केली. वरवर टीका, 'हे फारच कडवे बुवा', पण कडव्या मतदाराला नेमकी तीच शिफारस वाटली. एकिन प्रायमरी जिंकले, बलात्काराविषयी अभद्र बोलले आणि मकॅस्किल आरामात निवडून आल्या. पुढे त्यांनी हे सगळं स्वतःच लिहून सांगितलं.

पण गोष्ट इथेच थांबवणं ही लबाडी आहे. एप्रिल 2015 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारयंत्रणेतल्या एका टिपणात हाच हिशेब मांडला होता : रिपब्लिकनांमधल्या टोकाच्या उमेदवारांना महत्त्व मिळू द्या, ते आपल्याला सोपे जातील. त्या यादीत डोनाल्ड ट्रम्प यांचं नाव होतं. ते निव्वळ या टिपणामुळे उभे राहिले असं कोणी म्हणणार नाही, पण 'सोपा गडी' ओळखणाऱ्या जाणकारांची नजर केवढी अधू होती ते त्यातून दिसलं. पडेल म्हणून निवडलेला पडेलच, याची हमी कोण देणार? आणि तो निवडून आला तर पाच वर्षं दाखल्यावर सही त्याचीच घ्यायची आहे.

म्हणून पलीकडच्या निवडीत मत देणं मुळातच पाप, असंही मी म्हणत नाही. 2014 मध्ये मिसिसिपीत रिपब्लिकन प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत अनेक कृष्णवर्णीय डेमोक्रॅट मतदारांनी थॅड कॉक्रन यांना मत दिलं आणि ते सात हजारांच्या वर मतांनी तरले. त्या राज्यात रिपब्लिकनच निवडून येणार हे दिसत होतं; मग त्यातल्या त्यात आपलं ऐकणारा असावा, एवढाच विचार. ज्याला मत देताय तो खरोखर डोक्यावर बसला तर चालेल का? चालेल म्हणणाऱ्याचं मत सरळ. नाही म्हणणाऱ्याने आपल्याच घरावर जुगार लावलेला असतो.

आता साताऱ्याकडे येऊ. आपल्याकडे प्रायमरी नाही असं म्हणतात, पण जिल्हा बँकेची निवडणूक काय वेगळी आहे? विकास सोसायटीचा ठराव कोणाच्या नावाने होतो इथपासून लढाई सुरू होते. एका सोसायटीचं एक मत, आणि ते ज्याच्या नावावर तो ठरावधारक काही दिवस गावात दिसतच नाही. 'सहलीला' गेलेला असतो. पुढचा आमदार कोण, झेडपीला कोण, याची पहिली चाचणी इथेच होते.

नोव्हेंबर 2021 मध्ये जावळी सोसायटी गटातून शशिकांत शिंदे 24 विरुद्ध 25 असे एका मताने पडले. समोर ज्ञानदेव रांजणे, तेही राष्ट्रवादीचेच. शिंदे आधी जावळीचे, मग कोरेगावचे आमदार, माजी मंत्री. त्यांच्या समर्थकांनी चिडून दगड मारले ते साताऱ्यातल्या स्वतःच्याच पक्षाच्या कार्यालयावर. त्या एका मतामागे कोणाकोणाचे हात होते याची चर्चा पुष्कळ झाली, मी त्यात पडत नाही. त्याच निवडणुकीत कोरेगाव सोसायटी गटात दोन्ही उमेदवारांना सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठीवर गेला.

त्याआधी 2016 मध्ये सांगली-सातारा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या विधान परिषद जागेवर संख्याबळ राष्ट्रवादीचं होतं, तरी काँग्रेसचे मोहनराव कदम 63 मतांनी निवडून आले आणि राष्ट्रवादीचे शेखर गोरे पडले. मतदार होते साडेपाचशेच्या आसपास.

उलट 2019 च्या विधानसभेत कोरेगावात शशिकांत शिंदे हे महेश शिंदे यांच्याकडून सहा हजारांवर मतांनी हरले. एवढी माणसं गुपचूप फिरवायची कोणाची टाप आहे? तिथे लोकांनी उघड कौल दिला. एकूण पन्नास मतदारांत एक माणूस फोडला की काम झालं. पन्नास हजारांत दोनशे घुसले तरी पत्ता लागत नाही. मतदारयादी जितकी आखूड, तितका डाव स्वस्त.

इथे दुसरा प्रतिपक्ष उभा राहतो, पुढाऱ्यांचा. ते म्हणतात, म्हणूनच आम्ही उमेदवारी कार्यकर्त्यांच्या मतावर सोडत नाही, विरोधक घुसतील. ऐकायला जबाबदार वाटतं. प्रत्यक्षात इच्छुकांच्या मुलाखती होतात, गाड्यांचे ताफे जातात, कोणाची घोषणा मोठी ते मोजलं जातं, आणि नाव मात्र मुंबईत आधीच ठरलेलं असतं. तिकीट एका माणसाच्या हातात ठेवलं की फोडायला फक्त एकच माणूस उरतो. याला घुसखोरीपासून संरक्षण म्हणायचं?

काँग्रेसने 2014 च्या लोकसभेला वर्धा आणि लातूरमध्ये प्रायमरीचा प्रयोग केला होता. वर्ध्यात सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना हरवून उमेदवारी मिळवली, पुढे भाजपचे रामदास तडस यांच्याकडून दोन लाखांवर मतांनी पडले आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. प्रयोग फसला म्हणून हे उदाहरण सांगतात. पण मत होतं कोणाला? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि लोकप्रतिनिधींना. सामान्य सभासद बाहेरच. म्हणजे ठरावधारकांचीच मोठी आवृत्ती, आणि त्यात बाहेरच्याने घुसायची गरजच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की यादी लांब करा आणि वेळेवर बंद करा. मिस्ड कॉल देऊन झालेला सभासद चालणार नाही, तो कोणाचाही असू शकतो. निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी पावती फाडलेला, गावच्या बैठकीत चार लोकांनी पाहिलेला सभासद हवा, आणि नावांची यादी पक्षाच्या तालुका कार्यालयाबाहेर लावलेली हवी. पलीकडचा कोण घुसलाय हे गावाला पोलिसांच्या आधी कळतं. मतदान गुप्त, मोजणी सगळ्यांसमोर.

तिकीट हातातून गेल्यावर आम्ही नेते कशाचे, ही अडचण मात्र खरी आहे आणि घुसखोरीच्या भीतीमागे तीच दडलेली आहे. तिला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पिंपोडे बुद्रुक किंवा वाठार स्टेशनच्या बाजूच्या एखाद्या झेडपी गटात कोणत्याही एका पक्षाने हा प्रयोग एकदा करावा. 'समोरून तोच उभा राहू दे' म्हणणाऱ्यांपैकी किती जण वर्षभर आधी विरोधकाची पावती फाडून, स्वतःच्या भावकीच्या नजरेला नजर देत त्या रांगेत उभे राहतात, ते मला बघायचंय.