शेअर्ड फोल्डर, जरा बेताने!

शनिवारी सकाळी चहा घेता घेता एका मित्राचा फोन आला. नवीन लॅपटॉप घेतलाय, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकलंय, आत उबुंटू मजेत चालू आहे. प्रश्न एकच. "अरे, फाईली इकडून तिकडे कशा न्यायच्या? सरळ अख्खा डी ड्राइव्हच शेअर करून टाकू का?"

मी जवळजवळ ओरडलोच, "नको!"

बिचारा दचकला. मी हा उद्योग करून बसलोय हे त्याला काय माहीत!

झालं असं. मागच्या वर्षी मीही अख्खा डी ड्राइव्ह उबुंटूला देऊन टाकला होता, लिहायच्या-पुसायच्या परवानगीसकट. रोज कोण वेगळा फोल्डर करत बसणार? एका रविवारी एक बिल्ड स्क्रिप्ट तपासत होतो. त्यात आधीचा कचरा साफ करणारी आरएम कमांड होती आणि कुठला फोल्डर साफ करायचा ते एका व्हेरिएबलमधून येत होतं. ते व्हेरिएबल राहिलं रिकामं. वर स्क्रिप्ट चालवली सुडो लावून. मग काय, साफसफाई थेट रूटपासून सुरू! स्क्रीनभर एरर यायला लागल्या तेव्हा मला चक्क हसू आलं. म्हटलं, काळजी कसली, स्नॅपशॉट आहे की. दोन मिनिटांत स्नॅपशॉट परत लावला, उबुंटू ठणठणीत.

मग डी ड्राइव्ह उघडला. जवळपास रिकामा.

त्यात माझं काय काय होतं ते सोडा. पण आजोबांनी आजीला लिहिलेल्या पत्रांचे स्कॅन होते. बाबांनी रिटायर झाल्यावर तीन महिने बसून एकेक पत्र स्कॅन केलं होतं आणि मोठ्या विश्वासाने 'कॉम्प्युटरवाल्या' मुलाकडे दिलं होतं. बॅकअप? "या वीकएंडला घेतो" या यादीत होता.

आता जरा तांत्रिक बोलतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाईल. मशीन चालू असताना होस्टने ती फाईल उघडून आत लिहायला घेतलं तर फाईल सिस्टिमचं वाटोळं होईल, कारण एकाच डिस्कवर एकमेकांना न विचारता दोघं लिहिणार. म्हणून मध्ये एक मध्यस्थ लागतो. व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर हा तो मध्यस्थ. गेस्ट म्हणतो, "ही फाईल दे", "ही पुस", आणि होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स ते काम करून देतं. कोणाच्या नावाने? तुमच्या! म्हणजे होस्टवर तुम्हाला जे पुसता येतं, ते सगळं त्या फोल्डरात गेस्टलाही पुसता येतं. ते रिसायकल बिनमध्येही जात नाही. आणि मुख्य म्हणजे स्नॅपशॉट फक्त व्हर्च्युअल डिस्कचा असतो, शेअर्ड फोल्डरचा नाही. मला हे 'माहीत' होतं बरं का. पण माहीत असणं आणि लक्षात असणं यात एक रिकामा डी ड्राइव्ह एवढं अंतर असतं.

आपण व्हर्च्युअल मशीन घेतो कशासाठी? आत काहीही मोडलं तरी बाहेर धक्का लागू नये म्हणून. आणि पहिल्याच दिवशी त्या भिंतीला दार पाडून त्याची कडीही लावत नाही. बरं, कडी लावली तरी दार ते दारच. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हीएमवेअरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये एक भगदाड जाहीर झालं होतं. विंडोज होस्टवर हे फीचर चालू असेल, तर गेस्टमधला प्रोग्रॅम शेअर केलेल्या फोल्डरच्या बाहेर पडून होस्टच्या इतर फाईलींपर्यंत पोचू शकत होता. ते कधीच बुजवलं गेलं, पण धडा जुना झालेला नाही.

सुरक्षितता बाजूला ठेवली तरी रोजच्या कामात हे प्रकरण कटकटीचंच. व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरात सिम्लिंक बनवायला मुळातच बंदी असते, त्यामुळे एनपीएम इन्स्टॉल मध्येच रडतं. होस्टवर फाईल बदलली तरी गेस्टला त्याची सूचना पोचत नाही, मग ऑटो-रीलोड गप्प. विंडोजला नावातलं कॅपिटल-स्मॉल सहसा सारखंच, लिनक्सला वेगळं. आणि आपली खास गंमत म्हणजे 'वऱ्हाड' नावाची फाईल. यातला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध किंवा 'र' अधिक नुक्ता. डोळ्यांना नाव एकच दिसतं, पण लिनक्सच्या लेखी त्या सहसा दोन निराळ्या फाईली!

वेगाचीही तीच रड. डब्ल्यूएसएल २ मध्ये लिनक्सच्या अवजारांनी काम करायचं असेल तर फाईली विंडोजच्या ड्राइव्हवर नको, लिनक्सच्या फाईल सिस्टिममध्येच ठेवा, असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. २०१९ मध्ये लिनक्स कर्नल ५.४ सोबत व्हर्टिओ-एफएस आलं. ते खास होस्ट-गेस्ट वाटणीसाठीच बनवलेलं आहे आणि वेगाच्या बाबतीत चांगलंही आहे. पण वेगवान दार म्हणजे सुरक्षित दार नव्हे.

तर माझं मत साधं आहे. कोड गेस्टमध्येच ठेवा आणि गिटने आत-बाहेर करा. एखाद-दुसरी फाईल एससीपीने पाठवा. फोल्डर शेअर करायचाच तर 'देवघेव' नावाचा एकच रिकामा फोल्डर करा आणि त्याला रीड-ओन्लीची खूण करा. त्याच खिडकीत 'मेक पर्मनंट' असाही पर्याय असतो, तो टिकवू नका. म्हणजे मशीन बंद झालं की वाटणीही संपली. गेस्टमधून काही बाहेर आणायचं असेल तर ते होस्टवरून तुम्ही ओढून घ्या, गेस्टला ढकलू देऊ नका.

"एवढी कटकट कोण करणार?" मित्राने विचारलंच. बरोबर आहे, दर वेळी पंधरा सेकंद जास्त जातात. पण त्या पंधरा सेकंदांत आपण एकदा तरी स्वतःला विचारतो, नक्की काय पाठवतोय आणि कुठे. ड्रॅग-अँड-ड्रॉपमध्ये हा प्रश्न कधी पडतच नाही.

असो. पत्रांचं काय झालं? बाबांना फोनवर सांगायला मला दोन दिवस लागले. ते क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "ट्रंकेत आहेत रे अजून. पण तुझा स्क्रिप्टबिप्टचा संसार इकडे आणू नकोस." पुढचे चार रविवार मी सातारला जाऊन स्वतः स्कॅन करत बसलो. तीन पत्रं मधल्या पावसाळ्यात घडीवर विरून फाटली होती. ती धड अशी फक्त पहिल्या स्कॅनमध्येच होती.

आता बॅकअप दोन ठिकाणी आहे. आणि माझ्या उबुंटूला डी ड्राइव्ह म्हणजे काय हे माहीतसुद्धा नाही. तुमच्याला आहे का? आज रविवार आहे, सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा बघाच.