अपेक्षित प्रश्नसंचाची मोठी बहीण

मंडळी, आज जरा रागावून लिहितोय. वय झालं की माणसानं शांत व्हावं म्हणतात, पण पस्तीस वर्षं हातात खडू धरलेल्या माणसाला काही गोष्टी पाहून गप्प बसवत नाही.

माझी नात सध्या सीसीआयईचा अभ्यास करतेय. सिस्को कंपनीची नेटवर्किंगमधली ही परीक्षा १९९३ पासून चालू आहे आणि त्या क्षेत्रात फार अवघड मानतात. मी मराठी माध्यमातला बी.ए. राऊटर म्हणजे कोपऱ्यात लुकलुकणारा डबा, एवढंच मला ठाऊक. पण हल्ली रात्री झोप येत नाही, ती जागीच असते, मग मी शेजारी खुर्ची टाकून बसतो आणि प्रश्न विचारतो. आयुष्यभर शिकवलं, आता शिकतोय!

आधी दोन तासांची लेखी परीक्षा. ती पार पडली की आठ तासांचं प्रात्यक्षिक, म्हणजे लॅब. पहिले तीन तास जाळ्याचा आराखडा, पुढचे पाच तास ते उभं करायचं, चालवायचं आणि त्यातले बिघाड शोधायचे. फी दीड हजार डॉलरच्या वर, प्रवास आणि राहणं वेगळं. पोरगी बंगळुरूला जाऊन एकदा नापास होऊन आली. दोन दिवस घरात कुणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिच्या क्लासमधल्या एकानं तिला एक फाईल पाठवली. याला म्हणतात 'डम्प'. परीक्षेतले फुटलेले प्रश्न, उत्तरांसकट. पाठ करायचे, तिथे जाऊन उतरवायचे, पास व्हायचं. क्लासवाल्यांचीच फूस होती म्हणे. मी संतापलो. तर नात शांतपणे म्हणाली, "आबा, सगळेच करतात. आणि तुम्ही नाही का वर्गात आयएमपी सांगायचात?"

मंडळी, ते वाक्य मला लागलं. कारण ते खरं आहे. दहावीच्या वर्गात फेब्रुवारी उजाडला की मी फळ्यावर आयएमपी प्रश्न लिहून द्यायचो. पोरं अपेक्षित प्रश्नसंच घोकायची आणि मी कानाडोळा करायचो. शाळेचा निकाल चांगला लागायचा, पेढे यायचे. तेव्हा रुजवलेलं बी आज माझ्याच घरात उगवलंय.

म्हणून हा लेख मी त्या नापास झालेल्या पोरांवर लिहीत नाही. माझा राग आहे तो ज्यांनी याचा धंदा केला त्यांच्यावर, आणि 'चालतंय की' म्हणणाऱ्या आपल्यासारख्या मोठ्यांवर.

डम्पनं नेमकं काय जातं, ते मी एका रात्री डोळ्यांनी पाहिलंय. नातीनं सरावासाठी दोन राऊटर जोडले होते. ओएसपीएफ नावाच्या पद्धतीनं ते एकमेकांना 'हॅलो' म्हणत होते, शेजारी म्हणून ओळखतही होते, पण 'एक्स्टार्ट' नावाच्या पायरीवर गाडी अडली होती. दोन तास ती डोकं धरून बसली. शेवटी सापडलं. एका टोकाला १५०० बाइटपर्यंतचं पॅकेट चालत होतं, दुसऱ्या टोकाला १४०० पर्यंतचंच. हॅलो छोटा, म्हणून तो जात होता. पुढची माहिती द्यायची वेळ आली की हा फरक आड येत होता. तिनं दोन्हीकडचा आकार सारखा केला आणि गाडी सुटली. रात्री दीड वाजता पोरगी टाळ्या पिटत होती!

त्या फाईलमध्ये याच बिघाडाला एका ओळीचं उत्तर होतं. 'एमटीयू-इग्नोर' अशी आज्ञा द्या. ती दिली की शेजारी जुळतात, पडद्यावर सगळं छान दिसतं. पण आकारातला फरक तसाच राहतो आणि मोठी पॅकेटं पुढे वाटेत गळू शकतात. म्हणजे दुखणं तसंच ठेवून तक्रार तेवढी बंद करायची. ही आज्ञा कधी वापरावी, कधी नाही, हे कळायला ते दोन तासच लागतात.

लोक म्हणतात, "घोकायलाच हवं, एवढं कुणाच्या लक्षात राहणार?" अहो, या लॅबमध्ये कंपनीची अधिकृत माहितीपुस्तिका उघडून बघायची मुभा असते! पुस्तक समोर असूनही माणसं नापास होतात, मग ही पाठांतराची परीक्षा कशी? दुसरे म्हणतात, "कंपन्यांना फक्त नंबर हवा असतो." पास होणाऱ्याला एक क्रमांक मिळतो, त्याबद्दल हे बोलणं. गंमत अशी, की त्या मालिकेतला पहिला क्रमांक, १०२४, कुणा माणसाला नव्हे, खुद्द लॅबलाच दिला होता. मान त्या खोलीतल्या कष्टाचा, नंबर ही त्याची खूण. फी परवडत नाही, पुन्हा नापास होणं झेपत नाही, ही तक्रार मात्र मला मान्य आहे. ती कंपनीकडे जोरात करावी. पण गरीब पोरानं प्रामाणिकपणे नापास व्हायचं आणि पैसेवाल्यानं डम्प विकत घेऊन पास व्हायचं, यानं गरिबाचं काय भलं होतं?

आणि हा खेळ कागदापुरता राहत नाही. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं बंद पडलं. सुधारणेचं काम चालू असताना राऊटरवरचा एक फिल्टर काढला गेला आणि मुख्य राऊटरांवर नको इतक्या माहितीचा लोंढा आला. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन, इंटरनेट गेले. देशभर डेबिट कार्डं अडली. कित्येकांना ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन लागेना. तिथली माणसं काही अडाणी नव्हती. जाणत्यांच्या हातून असं होतं, तर उत्तरं पाठ करून त्या खुर्चीत बसलेला माणूस अशा वेळी काय करील? अशा वेळी डम्पमधला प्रश्न येत नाही हो, नवाच येतो.

असो. नातीनं पुन्हा तारीख घेतली आहे. कदाचित पुन्हा नापास होईल. ती फाईल तिनं उडवली की नाही, मी विचारलेलं नाही. तेवढा मान तिला द्यायला हवा. मी एवढंच म्हणालो, "पोरी, मी आयएमपी देत होतो, ते चुकलं माझं." ती काही बोलली नाही. फक्त माझ्यासाठी शेजारी खुर्ची सरकवली.

तुमच्या घरात असं कुणी रात्री जागत असेल, तर जाऊन बसा शेजारी. काही कळलं नाही तरी चालेल.