बांधावरची आग आणि गावचा कायदा

फाल्गुन लागला की परतूर तालुक्यातील वाटूरच्या शिवारात सायंकाळी धुराचे लोट दिसू लागतात. कपाशीची पऱ्हाटी, उसाचे पाचट, बांधावरचे गवत, सर्वांस एकच संस्कार आणि तो अग्निसंस्कार! याच दिवसांत ज्वारीचा कडबा गंजीस लागलेला असतो आणि लग्नांच्या वराती फटाके उडवीत गोठ्यांजवळून जात असतात. वाऱ्यावर एक ठिणगी उडाली म्हणजे वर्षाची वैरण घटकाभरात राख होते, व वैरण गेलेल्या कुणब्यास बैल विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 287व्या कलमाने, अग्नीच्या बाबतीत हयगय करून दुसऱ्याच्या जिवास धोका आणणारास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिवाळीच्या फटाक्यांस रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. पण ती वेळ दिवाळीची; आमच्या गंज्या उभ्या असतात चैत्र-वैशाखात! आणि कलम जागे होते ते गंजी जळाल्यावर. फिर्याद तरी कोण देणार? ज्याच्यावर द्यावयाची, त्याच्याशीच उद्या विहिरीच्या पाण्याची पाळी ठरवावयाची असते.

शेतकरी अडाणी म्हणून जाळतो, हे कित्येक शहाण्यांचे मत आम्हांस मान्य नाही. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते, ती शेतात ठेवू नये असे कृषिखातेच सांगते. मजूर मिळत नाहीत आणि काडीपेटी सर्वांत स्वस्त. उसाचे पाचट हेक्टरी आठ-दहा टन भरते. ते सरीत कुजविले तर उत्तम खत होते, जाळले तर त्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर जाते, हेही त्यास ठाऊक आहे. अडते ते साधनापाशी.

म्हणून वाटूरच्या ग्रामसभेने माघातच ठराव करून आपला नियम बांधावा, अशी आमची सूचना आहे. जाळणे अगदी अपरिहार्यच असेल तर शेजाऱ्यास आदल्या दिवशी कळवावे, भोवती नांगराची दोन-चार तासे काढावीत, वारा पडल्यावर, पाणी व माणसे जवळ ठेवूनच काडी लावावी, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत जागा सोडू नये. गंज्यांच्या आसपास वरातीचे फटाके सरसकट बंद करावेत, मग वरपिता कितीही मोठा असो. परंतु नुसता दंडक पुरणार नाही. पऱ्हाटीचा भुगा करणारे श्रेडर यंत्र गावाने सामाईक घेऊन अल्प भाड्याने फिरवावे. त्यावाचून हा नियम गरिबास केवळ जाच होईल. यंत्रास पैसा कोठून आणावा, असे गावचे पुढारी विचारतील. त्यांनी एका लग्नसराईत दारूकामावर गावाचे किती रुपये उडाले, त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा.