मुले देवीच्या हवाली करू नका!

बौद्ध बंधुभगिनींनो,

दीक्षेच्या दिवशी आपण बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. देव्हारा उतरविला, टाक नदीत सोडले. परंतु घरातून गेलेली देवी आपल्या जिभेवरून अद्याप गेलेली नाही. लेकराच्या अंगावर पुरळ उठला की घरातील वडीलधारी माणसे आजही ‘देवी आल्या’ म्हणतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात आणि दवाखान्याचे नाव काढू देत नाहीत. देव्हारा उतरविणे सोपे. लेकरू तापाने फणफणत असता मन खंबीर ठेवणे अवघड, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा विषय आपणांपुढे मांडीत आहोत.

या रूढीने आपल्याच समाजाची किती हानी केली, याचा विचार करा. गावावर रोगाची साथ आली की मरीआईचा गाडा निघावयाचा आणि त्या देवीची सेवा अनेक गावांत अस्पृश्यांच्याच माथी असावयाची. देवळाची पायरी ज्यांना बंद, त्यांनीच गावाचा रोग वेशीबाहेर वाहून न्यावयाचा!

लसीचा इतिहासही असाच बोलका आहे. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने देवीच्या रोगावर लस शोधली. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील ती पहिली यशस्वी लस होय. त्या काळी लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव काढून तो दुसऱ्याच्या दंडात टोचीत. अशी लस पुरविणारी मुले अनेक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींची असत. ज्यांची सावलीही नको, त्यांच्या अंगातील लस आमच्या मुलांना नको, अशी सवर्णांनी ओरड केली. विटाळापायी पोटच्या पोराचे संरक्षण नाकारणारे लोक या देशात होऊन गेले, आणि आपली लेकरे मात्र, कोणी त्यांचे नावही लिहून ठेवले नाही, दंड पुढे करून ती लस जिवंत ठेवीत होती!

ज्या देवीला शतकानुशतके नवस केले, तिचे पुढे काय झाले? लसीपुढे तिचा टिकाव लागला नाही. भारतातील तिचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, जगातील नैसर्गिक लागणीचा शेवटचा रोगी १९७७ साली सोमालियात, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर केले. यास कोणाचा नवस वा कोंबडा कारणी लागला नाही.

परमपूज्य बाबासाहेब व माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी यशवंतराव तेवढे वाचले. गंगाधर, रमेश, इंदू ही बालपणीच गेली आणि १९२६ साली राजरत्न न्युमोनियाने गेला. त्या रोगाच्या एका प्रमुख जंतूवरील लस २०२१ पासून भारतभर सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागली. रमाईला जे मिळाले नाही ते आपल्या दाराशी आले असता आपण दार लावून घ्यावे काय?

जगाकडे पाहा. १९९० साली पाच वर्षांच्या आतील सुमारे १ कोटी २८ लक्ष मुले मरण पावली; २०२३ साली हा आकडा सुमारे ४८ लक्षांवर आला. तरीही २०२४ साली जगातील १ कोटी ४३ लक्ष बालकांना एकही लस मिळाली नाही. ती कोठे आहेत? नायजेरियात, सुदानमध्ये, काँगोत, येमेनमध्ये, आणि आपल्या भारतातही. युद्धात, निर्वासितांच्या छावण्यांत, गलिच्छ वस्त्यांत. प्रत्येक देशाचा एक गावकुसाबाहेरचा भाग असतो आणि लस तेथे सर्वांत शेवटी पोचते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ पसरली ती गोवंडीच्या दाट झोपडवस्त्यांतून; दगावलेल्या मुलांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती.

किसागोतमीची कथा सांगून ‘मरण कोणाला चुकले आहे?’ असे म्हणत स्वस्थ बसणारे उपासक आम्हांस भेटतात. हा त्या कथेचा विपर्यास होय. मरण अटळ आहे असे तथागतांनी सांगितले. टाळता येणारे मरण टाळू नका, असे सांगितले नाही. आजारी भिक्षूची शुश्रूषा त्यांनी स्वहस्ते केली. आणि ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, हे कालामांना त्यांनीच सांगितले. लसीने मूल वांझ होते, खुळे होते, अशा वावड्या उठविणाऱ्यांना हाच उपदेश ऐकवा. टोचल्यावर एखाद-दोन दिवस कणकण येते, दंड दुखतो. ते खोटे नाही. क्वचित याहून अधिक त्रास झाल्यास केंद्रावर दाखवावे. पण गोवराने फुप्फुसे वा मेंदू सुजतो, घटसर्पाने गळा कोंडतो, त्याच्याशी या कणकणीची तुलना करा.

लस मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. बालहक्कांचा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली मान्य केला आहे. आपल्या वस्तीत परिचारिका येत नसेल तर ग्रामपंचायतीत विचारा, आरोग्य केंद्राला लेखी अर्ज द्या. विहारात रविवारी वंदनेनंतर वस्तीतील बालकांची यादी करण्यास अर्धा तासही लागणार नाही.

जन्मल्याबरोबर क्षयाची लस; मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची टोचणी; नऊ महिने पूर्ण होताच गोवराची आणि दीड वर्षाच्या सुमारास तिचीच दुसरी मात्रा. ही दुसरी मात्राच बहुधा राहून जाते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाचे लसीचे कार्ड गाठोड्यात बरोबर न्यावे. ते दाखविले की परक्या जिल्ह्यातील सरकारी केंद्रातही पुढची टोचणी मिळते, आणि कार्ड हरवले असले तरी लस नाकारता येत नाही.